मीटरवर शून्य आणि मल्लप्पामामा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या बॉयलरपाशी उभी होते आणि मीटरवर शून्य होतं. चक्क शून्य!

माझी पीएचडी वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज बनवण्यावर आहे. वाफेच्या पाइपला मागच्या बाजूनं तळहाताएवढी नॅनोमटेरियलची पट्टी लावलेली. तिची एक बाजू तापते, दुसरी गार राहते, आणि त्या फरकातून इवलीशी वीज मिळते... एक एलईडी पेटेल एवढीच. तो पेटला तरच प्रोजेक्टला मुदतवाढ, नाहीतर तीन वर्षांचं काम बंद.

आणि मुदतवाढ ठरवणाऱ्या कमिटीचे दोघं सर समोर घड्याळ बघत होते. आदल्या संध्याकाळी सगळं नीट चाललं होतं हो! वायरी तपासल्या, मीटर बदलला... तरी शून्यच.

शेवटी स्टुलावर चढून मागे बघितलं. पट्टीवर उष्णता अडवणाऱ्या काचेच्या लोकरीचा जाड थर, वरून तारेनं घट्ट बांधलेला. दोन्ही बाजू सारख्याच तापलेल्या, मग वीज येणार कुठून?

"उघडा पाइप दिसला म्हणून मीच बांधलं की मॅडम," बॉयलर सांभाळणारे मल्लप्पामामा म्हणाले. "गरमी लई वाया जात हुती."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी सगळ्यांसमोर ओरडले. मामा वर चढून तार कापायला लागले.

लोकर निघाली तरी आकडा जेमतेम हलला. उन्हाळ्यातली बॉयलररूम ती, बाहेरची बाजू गार व्हायला तयारच नाही. मी रडकुंडीला आले.

"वरनं गार पायजे व्हय?" मामांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एक डागी टॉवेल बादलीत बुचकळला, पिळला आणि सीलबंद पट्टीवर दाबून धरला. आकडा चढला... आणि पेटला की हो एलईडी!

मुदतवाढ मिळाली. दुपारी माफी मागायला गेले, तर मामा हसले. "त्यात काय मॅडम. पर ती पट्टी करती काय, ते तर सांगा."

शरमेनं मान खाली गेली. दोन महिने रोज या माणसाच्या हातचा चहा पीत होते. कमिटीला चाळीस स्लाइड्स दाखवल्या, आणि मामांना एक वाक्य सांगितलं नव्हतं.

मग त्यांच्या शेजारीच बसले, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.