धान पुरणारी पोरगी

नर्सिंग शिकणारी एक पोरगी गेल्या वर्षापासून माझ्या पुढच्या खोलीत भाड्याने राहते. पार पूर्वेकडच्या पहाडातली आहे. तिचं गाव तिने मला नकाशावर दाखवलं. मी चौथी शिकलेली, नकाशा मला कळत नाही. तीन दिवस रेल्वे आणि वर एक दिवस जीप, एवढं कळलं. तिचं कॉलेज लाखनीत, पण तिथे दोन घरी तिला खोली नाकारली, म्हणून ती जवळच्या आमच्या गावात आली. माझ्या दारावरचा क्रूस पाहिला, काही विचारलं नाही, सरळ बॅग खाली ठेवली. हा आगाऊपणा मला आवडला.

गावात ख्रिस्ती घर एकच, माझं. आमचे हे जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीत होते. तिथे क्वार्टरमध्ये एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला मद्रासी, त्यामुळे परकं माणूस मला नवं नाही. हे रिटायर झाले, इथे दोन खोल्या बांधल्या आणि वर्षभरात गेले. मी राहिले. बाकी गाव धान पिकवणाऱ्या हिंदू शेतकऱ्यांचं. त्यांच्या लग्नांत मी जेवते, माझ्या नाताळच्या करंज्या ते खातात. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसात बायकांच्या टोळीत मीही रोवायला जाते, कारण घरात बसून गुडघे जास्त दुखतात. जेवणाआधी मी डोळे मिटते, तोवर बायका थांबतात. कोणीतरी हटकून म्हणते, "लवकर आटप वो मावशी, भाजी थंडी होऊन राहिली." इतक्या वर्षांत धर्मावरून याहून मोठं भांडण झालं नाही.

मग या पोरीने केलं.

पावसाळ्यात तिला कॉलेजातून काम मिळालं. गावातल्या तीस बायकांच्या बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त तपासायचं, रक्त कमी आहे का ते वहीत लिहायचं. मुदत पंधरा दिवस. वही भरली नाही तर प्रॅक्टिकलमध्ये नापास. आणि एकदा नापास झालीस की सरळ घरी ये, असं तिच्या बापाने निघतानाच बजावलं होतं.

पहिल्या दिवशी ती आमच्या टोळीच्या म्होरक्या बाईच्या घरी गेली. तिथे म्होरकीची सासू तापाने पडलेली. पोरीने ताप पाहिला, गोळी दिली, आणि म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, तिच्या भाषेत प्रार्थना केली. मोठ्याने. संध्याकाळपर्यंत गावात झालं की पोरगी मंतर मारते. दुसऱ्या दिवशी ती आठ दारांवर गेली, आठही लागलेली.

घरी येऊन रडायला बसली. "आँटी, प्रेयर किया बस. हमारे यहाँ तो डॉक्टर भी करता है."

"तिकडे करत असेल. इकडे डॉक्टर सुई टोचतो आणि घरी जातो."

"प्रेयर करना गलत है क्या?"

"प्रार्थना चूक नाही. न विचारता डोक्यावर हात ठेवला, ती चूक. आणि रडून वही भरत नाही. हात धू, जेव."

मी म्होरकीकडे गेले. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. "काहून वो, पोरीले दार काहून लावता?"

"मावशी, तू आमची हायेस. पण ते पोरगी का पुटपुटली, आमाले का मालूम? अन् रक्त घेऊन का करन ते?"

"बुढीचा ताप उतरला का?"

"उतरला ना."

"मंग?"

"म्हणूनच त भेव वाटते."

मी निघाले. पण येता येता तीच म्हणाली की उद्या टोळीत एक बाई कमी आहे. मी म्हटलं, पाठवते एक. कोण, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरांना दारं असतात, धानाच्या बांधीला नसतं.

सकाळी पोरगी कॉलेजची टोपी आणि भावाची पँट घालून चिखलात उतरली. बायकांनी माझ्याकडे पाहिलं, मी कमरेत वाकले. पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, जुडी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, माझं पाहून कर. तिने पाहिलं नाही. तिच्या पहाडात चिखलात रोवत नाहीत, काठीने जमिनीत भोक पाडतात आणि बी आत टाकतात. तेच डोक्यात धरून ती एकेक रोप कोपरापर्यंत हात घालून गाडत होती. वर दोन बोटं पाती तेवढी उरायची. अर्धी ओळ झाल्यावर म्होरकीने मान वर केली.

"व माय! मावशे, हे पोरगी धान रोवून राहिली का मयत पुरून राहिली?"

दुसरी म्हणाली, "त्यायच्यात पुरतेत ना वो. म्हणून धानबी पुरते."

सगळी बांधी हसली. मीही हसले, पण उत्तर द्यायचं सोडलं नाही. "आमच्यात पुरलेलं उठते बाई, हे ध्यानात ठेव."

"उठन त आमी पाहू! नाई उठलं त तुझ्या घरच्या कोंबडीचं जेवण."

पोरीला निम्मंच समजलं. सगळ्या हसतात म्हणून ती सरळ उभी राहिली, पाय काढायला गेली, पाय आला नाही, आणि ती पाठीवर पडली. टोपी एकीकडे, जुडी एकीकडे. उठवायला गेलेली म्होरकी तिच्यावर पडली. त्या दिवशी काम कमी झालं. मालक बांधाच्या धुऱ्यावरून ओरडून ओरडून शेवटी स्वतःच हसायला लागला.

जेवताना पोरीला म्होरकीचे पाय दिसले. चिखल्यांनी बोटांच्या मधली कातडी लाल होऊन सोलली होती. आम्हा सगळ्यांचीच तशी असते, रोवणा म्हटला की चिखल्या आल्याच. पोरीने वाकून नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी पिशवीत लाल दवा, मलम आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घेऊन आली. जेवणाच्या सुट्टीत मोहाच्या झाडाखाली तीन दगडांवर गंजभर पाणी तापवलं, कोमट केलं आणि म्होरकीसमोर खाली बसली.

"काकी, आज पूछ के कर रही हूँ. पैर को हाथ लगाऊँ?"

म्होरकीने पाय ओढून घेतला. "नोको माय. लेकीनं पाय धरू नये. पाप लागते मले."

लेक म्हणून गेली, ते तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

"लावू दे," मी म्हटलं. "पाप लागलं त माझ्या नावावर टाक."

पोरीने पाय मांडीवर घेतला, बोटाबोटातला चिखल काढला, दवा लावली, पट्टी बांधली. आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी पाळक साहेब बारा जणांचे पाय धुतात. ते बाराही जण घरून साबणाने पाय धुऊन येतात, वर नवे मोजे घालतात. प्रभूने शिष्यांचे धुतले तेव्हा पाय धुळीचे होते, एवढं मला चौथी शिकून कळतं. त्या दिवशी मोहाखाली मी पहिल्यांदा मळलेले पाय धुतलेले पाहिले. प्रार्थना कोणी म्हटली नाही. पोरीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शिकली होती.

पट्टी बांधून झाल्यावर म्होरकीने स्वतःच हात पुढे केला. "घे माय, टोच. पण एकच थेंब."

थेंब निघेना. सकाळपासून पाण्यात राहून बोट सुरकुतलेलं, वर कातडी राकट. सुई टोचली तरी रक्त येईना. बायका म्हणाल्या, "पोरी, रक्तच नाई आमच्यात, लिहून टाक." पोरीने गंजातल्या उरलेल्या पाण्यात तिचा हात शेकला, चोळला, तेव्हा कुठे थेंब आला. त्या दिवशी अकरा जणींचं झालं. मग ज्यांनी दारं लावली होती त्याच घरून आणू लागल्या, सासू, जाऊ, नणंद. तापवाली म्हातारी काठी टेकत बांधीवर आली आणि म्हणाली, माझ्या डोक्यावर हात ठेवते तीच पोरगी पायजे.

बाराव्या दिवशी वहीत एकोणतीस झाले. गावात आणखी बायका होत्या, पण त्या सोयऱ्यांकडे रोवायला गेलेल्या. पोरगी माझ्याकडे पाहायला लागली. मी भांडी घासत राहिले. खरं सांगायचं तर मला सुईची भीती वाटते. माझी चार बाळंतपणं झाली, पण सुई दिसली की मी हात पदरात घेते. पोरगी मला भ्यायची. तिने जाऊन म्होरकीला सांगितलं.

म्होरकी चार जणी घेऊन अंगणात आली. "काय वो बुढे! आमाले टोचाले लावते अन् सोता लपते? धरा वो इले."

दोघींनी दंड धरले, एकीने बोट. मी डोळे मिटले. "प्रार्थना करून राहिली का?" म्होरकीने विचारलं. "लवकर आटप, थेंब थंडा होते."

तिसाव्या ओळीत माझा आकडा लिहिला, आणि तोच वहीत सगळ्यांत कमी निघाला. बायका इतक्या हसल्या की शेजारचा बैल बिचकला. तेव्हापासून म्होरकी दर तिसऱ्या दिवशी मुंगण्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला पाठवते आणि खाल्ला का ते स्वतः येऊन पाहते. मला तो आवडत नाही. खाते.

पोरगी पास झाली. बापाला फोन करताना ओरडत होती, मला शब्द कळला नाही, पण कळायला काही बाकी नव्हतं. तिने पुरलेल्या ओळीही उठल्या. उशिरा उठल्या, फुटवे कमी, शेजारच्या धानापेक्षा वीतभर बुटक्या. पण उठल्या. कोंबडी वाचली.

शेवटच्या बांधीचा रोवणा संपला त्या दिवशी आम्ही धुऱ्यावर जेवायला बसलो. पोरीने डबा उघडला आणि म्होरकीकडे पाहिलं. "काकी, आज जोर से करूँ?"

"कर माय," म्होरकीने भाकर खाली ठेवली. "पण आमच्या धानाचंबी नाव घेजो त्यात."