नानांच्या रिंगणातली आठवी जागा

धुळ्याच्या देवपुरातल्या भाजी विकणाऱ्या बायका नानांना बघून आधी कपाळाला हात लावायच्या. भरिताचं एक वांगं घ्यायचं तर नाना ते देठाला धरून सावकाश गोल फिरवत, मग आडवं करून बघत आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला समजावत, की हे बघा, देठाभोवती फिरवलं तर सारखं दिसतं, पण आडवं केलं की बदलतं. मोसंबीचं तसं नसतं. एकदा एकजण वैतागून म्हणाली, “नाना, भरीतच करनं शे ना, का लगीन लावनं शे?” नाना मोठ्यांदा हसले. त्यांच्या घरात लग्न असं कधी झालंच नव्हतं.

धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून नाना निवृत्त झाले होते. दोन खोल्यांत एकटेच राहायचे आणि बाहेरच्या खोलीत शिकवणी घ्यायचे. मी जामनेरची; अकरावी-बारावीसाठी मावशीकडे देवपुरात राहायला आले तेव्हा त्यांच्याकडे जाऊ लागले. नाना आठच मुलं घेत. नववा कितीही हुशार असो, त्याला पुढच्या वर्षी ये म्हणत. आठ बस्करं गोलात टाकलेली आणि मधोमध नानांचं स्टूल. प्रत्येकाची जागा ठरलेली. माझी दाराजवळची.

गणित घातलं की आम्ही पेन उचलायचो आणि नाना म्हणायचे, “कागद खाली ठेवा. आधी फिरून या.” मग मधे माठ ठेवून आम्हाला त्याच्याभोवती खरोखर फिरवत. काय बदललं? काहीच नाही. “तुम्ही कुठूनही पाहिलं तरी माठ तसाच दिसतो. मग त्याच्यावर सगळीकडे सारखा चार्ज पसरला, तर विद्युत क्षेत्र तरी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी कशाला असेल?” गाईडात दीड पान खाणारं उत्तर मग चार ओळींत यायचं. ज्याला फेरी मारायचा कंटाळा, त्याने दीड पान लिहावं, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

एक दिवस त्यांनी मधे परात ठेवली, परातीत रबरी चेंडू. आठही जणांनी आपापल्या पट्टीने चेंडू सारख्या जोराने आत ढकलायचा. चेंडू जागचा हलेना. “आठ सारखे चार्ज गोलात, मधला सगळ्यांकडून ढकलला जातोय, म्हणून गप्प बसलाय. आता एक चार्ज काढून घेतला, तर मधला कुठे जाईल?” मी झटकन सांगितलं, उरलेल्या सात जणांकडे. आमच्या घरी चौदा माणसं. जिकडे गर्दी तिकडे सगळं जातं, एवढंच मला ठाऊक होतं. नाना चूक म्हणाले नाहीत. मला पट्टी उचलायला लावली. चेंडू सरळ माझ्या मांडीशी आला.

“जो उठतो, मधला त्याच्याकडेच सरकतो,” नाना म्हणाले. “बाकीचे सात मिळूनही त्याला धरून ठेवू शकत नाहीत.” आम्ही सगळे हसलो होतो, मी सगळ्यात जास्त.

त्या दिवाळीनंतर वडिलांनी मला दूरच्या शहरातल्या मोठ्या क्लासला घातलं. दोन दिवसांत निघायचं होतं. नानांना सांगायला मी त्यांच्या घरापर्यंत गेले. खिडकीतून आतली गोलात मांडलेली बस्करं दिसली आणि मी परत फिरले. त्यांना काय सांगायचं, की आठ जणांत भागत नाही, दोनशेंत बसायला चालले? त्यांच्याकडे अजून सात आहेत, अशी मी मनाची समजूत घातली. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

पुढे वैशाली फोनवर सांगायची. ती आमच्याच आठांतली. मी गेल्यावर मुलांनी बस्करं सरकवून गोल पुरा करायला घेतला, तर नाना म्हणाले, “राहू द्या. ती जागा तिनी शे.” तिची, म्हणजे माझी. नंतरच्या वर्षांत मुलं मोबाइलवरच शिकू लागली. नानांकडे पाच आली, मग तीन, मग कोणीच नाही. बस्करं मात्र रोज आठच पडायची. मी जळगावच्या कॉलेजात शिकवायला लागले. धुळं काही लांब नव्हतं. पण न जाण्याला जितकी वर्षं होत गेली, तितकं जाणं अवघड होत गेलं. अशी अकरा वर्षं गेली.

गेल्या वर्षी मावशी आजारी पडली म्हणून धुळ्याला गेले, आणि पाय आपोआप त्या गल्लीत वळले. दार उघडंच होतं. आठ बस्करं गोलात होती, पण नानांचं स्टूल मधे नव्हतं. ते पार माझ्या बस्कराशी, दाराजवळ आलं होतं. मी तिकडे पाहतेय हे बघून नाना म्हणाले, इथे वारा लागतो. मी माझ्या जागेवर बसले.

नानांनीच विचारलं, कालचाच तास पुढे चालू असल्यासारखं. “आठांतला एक उठला. मधला कुठे जाईल?”

“उठलेल्याकडे, नाना.”

नाना हळूच म्हणाले, “मंग माय, इतला उशीर काबरं कया?”

मी रडले. नाना चहा ठेवायला आत गेले आणि जरा जास्तच वेळ आत राहिले. निघताना मी विचारलं, बस्करं गोळा करून ठेवू का? ते म्हणाले, राहू दे.

या उन्हाळ्यात नाना गेले. बातमी मला तीन दिवसांनी कळली. तेव्हाही मी उशिराच पोचले.

परवा वर्गात मी परात मांडली. सातच मुलं आली होती, म्हणून आठवी पट्टी मीच धरली. उरलेल्यांना नीट ढकला म्हटलं आणि माझी पट्टी उचलली. चेंडू सरळ माझ्याकडे आला. मुलं हसली, आम्ही हसलो होतो तशीच. कुणीतरी विचारलं, मॅडम, असं का? उत्तर मला पाठ होतं. मी चेंडू हातात धरून तशीच बसून राहिले.