नव्या कारपेटचा वास

नात रांगायला लागली आणि मी हॉलमध्ये कारपेट टाकलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खाली चिकटवायचं सोल्यूशन लावून एकदम पक्कं. नव्या मालाचा वास मला भारी आवडतो. तो उडून जाऊ नये म्हणून खिडक्याही बंद ठेवल्या. कोणी आलं की म्हणायचो, "लंबी साँस घ्या भिया, नवीन आहे!"

हप्त्याभरात नातीची छाती घरघरायला लागली. दूध पिता पिता मधेच थांबायची, श्वासासाठी. सूनबाई म्हणाली, "दवाखान्यात नेऊ."

मी म्हटलं, "थांब. नजर लागलीय. असलं कारपेट पाहून कोणाची नाही लागणार?"

मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि सूनबाईला किचनमध्ये जाळायला दिल्या. मिरच्यांचा ठसका नाही आला तर समजायचं, नजर जबर होती. मी हॉलमध्ये बसून नाक वर केलं. काहीच नाही!

"बघ, पूर्ण मोहल्ल्याची नजर होती!"

सूनबाई खोकत बाहेर आली, डोळ्यांतून धारा. "बाबा, तुम्हाला खरंच वास येत नाहीये?"

"कसला?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग खाली कारपेटकडे. नातीला उचललं आणि सरळ दवाखाना. मीही मागोमाग.

डॉक्टर म्हणाले, "नव्या कारपेटमधून, सोल्यूशनमधून केमिकल हवेत येतं. बंद खोलीत साचतं. मूल खालीच लोळणार, त्याला जास्त त्रास. त्या वासाने तुमचं नाकच बधिर झालंय, म्हणून काही कळलं नाही." डोक्याबद्दल काही बोलले नाहीत. सज्जन माणूस.

सूनबाई नातीला घेऊन महूला माहेरी गेली. "वास जाईपर्यंत नाही येणार, बाबा."

मी कारपेट उखडलं, सोल्यूशन खरवडलं, खिडक्या सताड उघडल्या. पण वास गेला हे कळणार कसं? नाक तर बेइमान! येईल त्याला आत ओढायचो, "जरा सुंघून सांगा."

दूधवाला म्हणाला, "काकाजी, दूध देऊं के फरश सूंघूं?"

सगळे गेले की रिकाम्या हॉलमध्ये बसून राहायचो. एवढीशी पोर, तिला बोलता येत नव्हतं. घरघरूनच सांगत होती बिचारी, आणि मी मिरच्या ओवाळत होतो.

काही आठवड्यांनी सूनबाई परत आली ती दारातच थांबली. नातीला कडेवर घेऊन लांब श्वास ओढला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा. शाळेत गेलो नाही, पण रिझल्टची वाट बघणं काय असतं ते तेव्हा कळलं.

"वास तर नाही वाटत. तरी थोडं इथेच बसते आधी," ती म्हणाली आणि पायरीवर टेकली. मीपण शेजारी बसलो, नातीच्या छातीकडे कान देऊन.