पॅटिओच्या दारापाशी थांबणारं ताट

‘त्या मोदकांना ग्लिसरीन लावलंय,’ असं मी म्हणालो होतो. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. गाडीभोवतीचा बर्फ उपसताना शिरीष कोसळला आणि गेला, असा फोन आला तेव्हा मला आधी हेच वाक्य आठवलं. रडू नंतर आलं…

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत आम्ही एकाच ऑफिसात होतो, समोरासमोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी पुण्याचा, तो नागपूरचा. खाण्याचे फोटो काढायचं वेड दोघांनाही. माझ्याकडे महागडा कॅमेरा, दोन फ्लॅश, उजेड मऊ करणारी पांढरी छत्री. त्याच्याकडे खिशात मावणारा कॅमेरा आणि मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेला पांढरा फोम बोर्ड. तरी माझ्या फोटोतला वरणभात पासपोर्टच्या फोटोसारखा दिसायचा आणि त्याच्या फोटोतल्या वरणावरची तुपाची धार बघून भूक लागायची. एकदा माझी जुळवाजुळव बघून तो हसला. ‘काय करून राहिला बे? जेवणाच्या तोंडावर लाइट मारून राहिला! मागून येऊ दे ना उजेड.’ त्याने ताट पॅटिओच्या काचेच्या दाराशी नेलं, अलीकडच्या बाजूला बोर्ड धरला आणि वाफ दिसायला लागली. ‘बाहेर बर्फ आहे तोवर ऐश कर. फुकटचा रिफ्लेक्टर!’ इतकं मोकळेपणाने शिकवायचा तो. मी शिकलो, पण त्यासाठी त्याला माफ करू शकलो नाही. माझी बायकोसुद्धा आईला फोटो पाठवायचे असले की शिरीषभावजींना बोलवायची.

मग आमच्या मराठी मंडळाने पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं. फोटो शिरीषचे. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. गणपतीच्या दिवशी नैवेद्य दाखवून झाल्यावर त्याने त्याच्या बायकोने, वसुधावहिनींनी केलेल्या मोदकांचं ताट हॉलच्या खिडकीशी नेलं, बोटाने प्रत्येकावर थोडं तूप फिरवलं आणि फोटो काढला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळीन् कळी उजळलेली दिसत होती. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, चकाकी यावी म्हणून फोटोग्राफर खाण्याला काय काय लावतात. पंगत बसत होती. मी मंडळातल्या सुमनकाकूंच्या कानाशी वाकून ते वाक्य बोललो.

‘अगोबाई! पोरांच्या पोटात जायचं की रे!’ काकूंनी हळू बोलायची सवय कधीच लावून घेतली नव्हती. एका मुलाने मोदक बोटाने दाबून पाहिला. ‘इज इट प्लास्टिक?’ सगळे हसले. ताट पंगतीतून जसंच्या तसं परत आलं. वहिनी नुसत्या पदराशी चाळा करत राहिल्या.

प्रसाद टाकता येत नाही. हॉल रिकामा झाल्यावर शिरीष ओट्याशी उभा राहून ते गार मोदक एकेक करून खात होता. मला बघून त्याने ताट पुढे केलं. ‘तू तरी घे बे एक.’

‘पोट भरलंय,’ मी म्हणालो.

त्यानंतर त्याने मंडळात कधी कॅमेरा आणला नाही. पुस्तकासाठी फोटो मी काढले. ते कसे आले, हे ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांना माहीत आहे…

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी पोहे केले आणि बशी माझ्या हातात देण्याऐवजी पॅटिओच्या दाराजवळच्या स्टुलावर ठेवली. मागे वळल्या आणि तिथेच थबकल्या. ‘बघा ना… सवय. या घरात काहीही केलं की आधी इथे थांबायचं.’ भिंतीला तो फोम बोर्ड टेकून उभा होता, कडेला हळदीची बोटं. बाहेरच्या बर्फावरून आलेला उजेड पोह्यांच्या वाफेतून आरपार जात होता.

मी बशीला हात लावला नाही. उभा राहिलो.

‘वहिनी, त्या मोदकांवर तूप होतं,’ मी म्हणालो. ‘नुसतं तूप. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, मी पाहिलं होतं. मला माफ करा.’