जूली चालत आली

हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा हडपसरला फ्लॅट घेतला आणि जूलीला सोबत आणलं. जूली म्हणजे आमच्या लष्करी श्वान पथकातली लॅब्रॅडॉर कुत्री. जमिनीत पुरलेली स्फोटकं हुंगून काढणं हे तिचं काम. मी तिचा दुसरा हँडलर, म्हणजे तिला सांभाळून कामाला नेणारा जवान. पहिला नाईक सुनील मोरे, कसबा पेठेतल्या टोपल्या विणणाऱ्या घरातला मुलगा. सुट्टीवर निघताना तो दरवेळी म्हणायचा, "आईला शब्द दिलाय. जूलीला एकदा घराच्या दारापर्यंत चालवत नेणार." सुनील काश्मीरमध्ये कामी आला आणि ते राहून गेलं. आता ते मला करायचं होतं.

पण मी आधी लागलो रूटीनला. पहाटे ग्रूमिंग, मग लांबलचक फेरी, परत येऊन जिन्यानं वर. लिफ्ट आळशांसाठी असते असं माझं मत होतं. बायको म्हणायची, "अहो, तिला पेन्शनीत तरी सुखानं झोपू द्या." मी हसण्यावारी न्यायचो.

स्फोटकाचा वास लागला की जूलीनं भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही. जागच्या जागी बसायचं, एवढंच. याला आम्ही इंडिकेशन म्हणतो. त्या सकाळी मंडईबाहेर रचलेल्या क्रेटजवळ जूली बसली. माझा हात आपोआप वर गेला.

"सगळे मागे! कोणी हात लावायचा नाही!"

"मामा, बटाटं हायती त्यात," भाजीवाला म्हणाला.

"मागे हो म्हटलं ना!"

रस्ता अडला. पोलीस आले, त्यांचं कुत्रं आलं, क्रेट अन् क्रेट उघडून झाला. बटाटेच होते. फौजदार शांतपणे म्हणाले, "हवालदारसाहेब, पुण्याला बटाट्यांपासून वाचवलंत. आभारी आहोत."

मान खाली घालून मी जूलीला "चल" म्हटलं. ती उठायला गेली. मागचे पाय थरथरले आणि ती पुन्हा खाली बसली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वास वगैरे काही लागला नव्हता. तिला पुढं चालवत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला. "मागच्या सांध्यांची झीज आहे. बरेच दिवस सोसत असणार. कुत्री दुखणं लपवतात, त्यातून ही फौजी."

"बरी होईल?"

"झीज भरून येत नाही. दुखणं कमी करता येतं, चालती ठेवता येते. पण ती रिटायर झालीय हे आधी तुम्हाला कळायला हवं. माझ्या ऑर्डर पाळणार?"

"येस, मॅडम."

ऑर्डर साध्या होत्या. वजन उतरवायचं, म्हणजे माझ्या ताटातले चपातीचे तुकडे बंद. एका लांब फेरीऐवजी दिवसातून थोड्या थोड्या वेळानं छोट्या फेऱ्या. जिना बंद. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात, म्हणून घरभर रबरी मॅट. निजायला जाड गादी. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा, मग तिच्या कमरेवर ठेवायचा. नंतर तळहातानं पाठ आणि मांड्या हलक्या चोळायच्या, सांध्यावर दाब द्यायचा नाही. तिनं मान वळवून पाहिलं की थांबायचं. औषध तिला लिहून दिलेलंच. घरातली माणसांची गोळी चुकूनही नाही.

"तेल चोळू का?" मी विचारलं.

"तेल तुमच्या गुडघ्यांना लावा. ती चाटून टाकेल."

मी तळहातानं तिची मांडी चोळू लागलो की सुरुवातीला तिचे स्नायू बांबूसारखे ताठ असायचे. हळूहळू ते सैल पडायचे आणि ती लांब श्वास सोडायची. तो श्वास ऐकायला मी दिवसभर थांबलेला असे. ड्यूटीवर मी तिला शाबासकी पुष्कळ दिली. इतकी माया मात्र तिथं करता आली नव्हती.

काही आठवडे गेले. एका सकाळी ती आपण होऊन उठली आणि दाराशी जाऊन शेपूट हलवत उभी राहिली. मी सुनीलच्या आईला फोन लावला.

"मावशी, आणतोय तिला."

"चालत येईल का रे, बाळा?"

"बघू या."

कसबा पेठेत त्यांच्या बोळात रिक्षा जात नाही. रिक्षावाला म्हणाला, "उचलून घेऊ का?" मी नको म्हटलं. जूली चार घरं चालली, एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी थांबली. मी तिची कंबर चोळली. घाई केली नाही. पुन्हा निघाली. मावशी दारातच बसल्या होत्या, मांडीवर अर्धी विणलेली टोपली. त्यांनी टोपली बाजूला ठेवली.

"आलीस गं बाई? ये."

जूलीनं त्यांचे हात हुंगले, खूप वेळ. मावशींनी तिच्याकडेच बघत विचारलं, "सुनील पडला तेव्हा ही कुठं होती?"

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, आईनं विचारल्याशिवाय अशी गोष्ट काढायची कशी? मी रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. "जूलीनं इंडिकेशन दिलं. सुनीलनं कॉलम, म्हणजे मागून येणारी जवानांची रांग थांबवली, म्हणून बाकीचे वाचले. मग डोंगरावरून फायर आला. मी मागच्या तुकडीत होतो. वायरलेस सेटवर आवाज आला, 'हँडलर हिट. डॉग साथ में है. ओव्हर.' आम्ही पोचलो तेव्हा ती त्याच्या छातीला चिकटून पडली होती. उठेना. मी उचलून आणली."

मावशींनी जूलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मला वाटायचं, एकटाच गेला."

"नाही, मावशी."

मी त्यांना हात कुठं आणि कसा फिरवायचा ते दाखवलं. जूली त्यांच्या मांडीला टेकून झोपली. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

नाईक सुनील मोरे कामी आला तेव्हा जूली त्याच्याजवळ होती. हे आता त्याच्या आईला माहीत आहे.