कशावरून?

मॅट्रिकच्या वर्गात कुणी काही ठासून सांगितलं, की इतिहासाचे मास्तर शेरवानीचं बटण चाचपत विचारायचे, "कशावरून?"

"किताबात हाय, मास्तर."

"लिहिणाऱ्यानं पाहिलं व्हतं?"

निजामाची तारीफ असो की रझाकारांच्या जुलमाची खबर, सवाल तोच. जुलमाच्या खबरीवरही शंका घेतात, म्हणून ते निजाम सरकारचेच आहेत, असं आम्हाला वाटायचं.

निजाम शरण आल्याचं कळताच आम्ही पेढा घेऊन त्यांच्या दारात गेलो. पेढा हातात घेऊन ते म्हणाले, "कशावरून?"

"सारं गाव म्हणतंय की! तुळजापुरात हिंदी फौज बी आलीया म्हणं."

"बघून येतो." पेढा रुमालात बांधून ते सायकलवर तुळजापूरच्या रस्त्याला लागले.

सांजच्याला धुळीनं माखून परतले. भर चौकात रुमाल सोडला आणि रडत रडत पेढा खाल्ला.