मशिनं तेवढी जपलीत, दाजी

पाचोऱ्याला लग्नाच्या मंडपात स्पीकर उभे करत होतो, तेव्हा सुनंदाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. "गेले," एवढंच म्हणाली. मी वेड्यासारखा विचारतोय, "कोण गेलं? कुठे गेलं?" कारण दाजी मला सांगून निघाले होते की सुरतला पुतणीकडे चाललोय, येतो आठवड्याभरात. प्रत्यक्षात ते धुळ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते...

दाजी म्हणजे सुनंदाचे यजमान आणि आमच्या साउंड सर्व्हिसमधले माझे भागीदार. आमच्याकडचे कार्यक्रम म्हणजे मोकळं मैदान, नाहीतर कापणी झालेलं शेत. गाड्या आल्या की धूळ, पाहुणे नाचले की धूळ. दाजी आधी जागेवर पाणी मारून घेत, ओली गोणपाटं अंथरत आणि मिक्सरवर सुनंदाचं जुनं सुती लुगडं पांघरत. "नायलॉन नको रे, ते धूळ ओढतं." कार्यक्रम संपला की मी ब्लोअर घेऊन धावायचो, तर ओरडत, "अरे, धूळ काढतोयस की आत कोंबतोयस?" आधी मऊ ब्रश, मग व्हॅक्युम, मशीन गार झाल्याशिवाय खोळ घालायची नाही. बाळाला न्हाऊ घालावं तसं चालायचं सगळं. आणि स्वतःच्या नाकाला साधा रुमाल नाही! म्हटलं, "दाजी, तोंड बांधा की." तर म्हणाले, "मग माइक टेस्टिंग काय मुक्याने करू?" हसलो आम्ही दोघंही.

खोकला बरेच दिवस होता. विचारलं की ॲलर्जी आहे म्हणायचे, थंडी गेली की जाते. मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? घरचा माणूस.

दहाव्याला शिंदखेड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर, सुनंदा म्हणाली, "तुन्हा धंदामा त्यासना जीव गया, भाऊ." मी हबकलोच. मग एकेक कळत गेलं. डॉक्टरांनी कधीच बजावलं होतं, फुप्फुसं निकामी होत चाललीत, धुळीत पाऊल टाकू नका. आणि दाजी घरी काय सांगत? "मी तर सोडायला तयार आहे गं, तुझा भाऊच सोडत नाही. आला नाहीत तर बहिणीचं तोंड बघणार नाही म्हणतो." माझं नाव! असलं काही मी स्वप्नातही बोललो नव्हतो. तिथे ओरडून सांगितलं मी, पण गेलेल्या माणसाला खोटं ठरवणाऱ्याचं कोण ऐकतं? त्या दिवसापासून सुनंदाने माझा फोन घेतला नाही.

तुम्ही मला फसवलंत, दाजी. सरळ फसवलंत. आजार लपवलात ते एक वेळ समजतो. घरी बसवलं असतं तर तुम्ही झुरला असता. पण माझ्या तोंडी शब्द घालून, माझी एकुलती एक बहीण माझ्यापासून तोडून गेलात, आणि आता भांडायलाही समोर नाहीत तुम्ही. श्रद्धांजलीत असं लिहीत नाहीत म्हणे. लिहू देत नसतील तर नसोत, मी लिहितोय.

लग्नसराईच्या तोंडावर ॲम्प्लिफायर, म्हणजे आमचे ॲम्प, उघडून आतून साफ करायला घेतले. हे काम त्यांचं, मला कधी हात लावू दिला नव्हता. पहिल्याच ॲम्पची पुढची जाळी काढली, तर पंख्यासमोर मास्क ताणून बसवलेला. दुसऱ्यातही तेच. दवाखान्यात देतात तसले मास्क, पण रबर काढून निळ्या नाड्या शिवलेल्या. ती शिवण मी ओळखली, सुनंदाची. एक ॲम्प तसाच उचलला, टेम्पोत घातला आणि शिंदखेडा गाठलं.

सुनंदा दारातून हलेना. मी ओट्यावरच पेचकस काढला, जाळी उघडली आणि म्हटलं, सगळ्या ॲम्पमध्ये असेच आहेत. ती खाली बसली. रबराने कान दुखतात असं दाजी म्हणाले, म्हणून तिने रात्रंदिवस बसून नाड्या लावल्या होत्या. रोज सकाळी स्वतः त्यांच्या खिशात एक घालायची.

"बठ्ठा मन्हाच शेतस," ती म्हणाली. सगळे तिचेच.

धुळीने काळा पडलेला मास्क तिने ओढून काढला. मग ॲम्पच्या आत, अगदी कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. आणि ज्या बाईने लग्नापासून नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती, ती त्या उघड्या मशिनीकडे बघून ओरडली, "रमेश, खोटारडा शेस तू!"

मी तिला थांबवलं नाही. मलाही तेच म्हणायचं होतं.